फिगर स्केटिंगमध्ये एखादा देश किती पुढे जाईल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळी ऑलिम्पिक किंवा जागतिक स्पर्धा जवळ आली की एखाद्या देशाच्या स्केटरांबद्दल तेच ते प्रश्न विचारले जातात. पदक येईल का? तीन जागा मिळतील का? ती ज्युनियर मुलगी अजून सीनियर गटात का दिसत नाही? इथे उत्तरं दिली आहेत ती नियम, निकाल आणि थोडं स्वतःचं मत यांच्या आधारे. मत कुठलं आणि नियम कुठला, हे वाचताना कळेलच.

आमच्याकडे एक जगज्जेता आहे. म्हणजे देश पुढे आहे ना?

तो स्केटर पुढे आहे. देशाचं नंतर बघू.

स्पेनचा हाविएर फर्नांडेझ २०१५ आणि २०१६ साली जगज्जेता झाला, २०१३ ते २०१९ सलग सात वेळा युरोपियन विजेता ठरला आणि २०१८ च्या ऑलिम्पिकमध्ये त्याने कांस्यपदक मिळवलं. एवढी कमाई करून तो निवृत्त झाला आणि स्पेनच्या पुरुष एकेरीत त्याच्या जवळपास जाणारा कुणी उभा राहिला नाही. कझाकस्तानच्या डेनिस टेनने २०१३ ला जागतिक रौप्य, २०१४ ला ऑलिम्पिक कांस्य आणि २०१५ ला जागतिक कांस्य मिळवलं. त्यानंतर कझाक पुरुषाचं जागतिक पदक थेट २०२५ साली आलं, मिखाईल शायदोरोवच्या रौप्याने.

याच्या शेजारी जपान ठेवून पाहा. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पुरुषांत दुसरा युमा कागियामा, तिसरा शोमा उनो, चौथा युझुरू हान्यू. सुवर्ण अमेरिकेच्या नेथन चेनने नेलं, पण 'कोणत्या देशात पुरुष स्केटिंग सर्वांत सकस आहे' असं त्या दिवशी विचारलं असतं तर उत्तर सरळ होतं. २०१४ च्या जागतिक स्पर्धेत हान्यू आणि दुसरा आलेला तात्सुकी माचिदा यांच्यात फक्त ०.३३ गुणांचं अंतर होतं, आणि दोघेही जपानचेच.

मग नेमकं बघायचं कुणाकडे?

त्या देशाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्केटरकडे. हे नुसतं मत नाही. जागांचा नियमच तसा आहे.

जागतिक स्पर्धेत एका प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त तीन स्केटर (किंवा तीन जोड्या) उतरू शकतात. पुढच्या वर्षी किती जागा मिळणार ते यंदाच्या निकालावर ठरतं. दोन किंवा तीन स्केटर उतरले असतील तर त्यातल्या सर्वोत्तम दोघांच्या क्रमांकांची बेरीज करतात. ती १३ किंवा कमी आली तर तीन जागा, २८ पर्यंत आली तर दोन, त्यापुढे एक. जो शॉर्ट प्रोग्रॅममधून (पहिली, छोटी फेरी) फ्री स्केटपर्यंत (दुसरी, लांब फेरी) पोहोचतच नाही त्याच्या नावावर १८ धरतात. फ्री स्केट केलेला कितीही खाली राहिला तरी १६ च्या पुढे मोजत नाहीत.

आता गणित करून बघा. एक जण पहिला आला आणि दुसरा तेरावा, तर बेरीज १४: तिसरी जागा गेली. एक सहावा आणि दुसरा सातवा, तर बेरीज १३: पदक एकही नाही, पण तीन जागा पक्क्या. म्हणजे जगज्जेत्याच्या देशापेक्षा सहाव्या-सातव्याचा देश पुढच्या वर्षी मोठा संघ घेऊन येतो.

अमेरिकेच्या मुलींनी हे चांगलंच अनुभवलं आहे. २००९ साली रेचल फ्लॅट पाचवी आणि अलिसा सिझ्नी अकरावी आली. बेरीज १६, त्यामुळे २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकला दोनच जागा. तिसरी जागा परत मिळायला २०१३ उजाडलं. त्या वर्षी अ‍ॅश्ली वॅग्नर पाचवी आणि ग्रेसी गोल्ड सहावी, बेरीज ११. त्या संध्याकाळी अमेरिकेच्या गोटात पदक हुकल्याच्या दुःखापेक्षा बेरजेचा आनंद मोठा असणार.

एकच स्केटर उतरला असेल तर?

तो पहिला किंवा दुसरा आला तर पुढच्या वर्षी तीन जागा, तिसरा ते दहावा आला तर दोन. याचं सगळ्यांत सुंदर उदाहरण दक्षिण कोरियाची किम युना. २०१३ च्या जागतिक स्पर्धेत महिलांमध्ये ती देशाची एकटी प्रतिनिधी होती. तिने सुवर्ण जिंकलं आणि २०१४ च्या सोची ऑलिम्पिकसाठी कोरियाला तीन जागा मिळाल्या. तिच्यासोबत दोन कोवळ्या मुली ऑलिम्पिकच्या बर्फावर उतरल्या.

कोरियात पुढे जे झालं त्यात युनाचा वाटा किती, यावर वाद घालता येईल, पण मुली रिंककडे वळल्या हे खरं. २०२३ च्या जागतिक स्पर्धेत ली हे-इन आणि चा जुन-ह्वान दोघांनीही रौप्य मिळवलं, त्याच वर्षी वर्ल्ड टीम ट्रॉफीत कोरिया दुसरा आला, आणि २०२४ साली किम चे-यॉनने जागतिक कांस्य मिळवलं. एका ताऱ्यानंतर देश घडला, असं ठामपणे म्हणता येईल अशी ही दुर्मिळ गोष्ट. स्पेनमध्ये ते झालं नाही.

ऑलिम्पिकच्या जागाही अशाच ठरतात का?

बहुतांशी. ऑलिम्पिकच्या आदल्या वर्षीची जागतिक स्पर्धा त्यासाठी धरतात. पण आता एक जादा अट आहे: जितक्या जागा हव्यात तितके स्केटर त्या स्पर्धेत फ्री स्केटपर्यंत पोहोचलेले हवेत. नाहीतर उरलेली जागा नंतरच्या पात्रता स्पर्धेत, दुसऱ्या एखाद्या स्केटरला पाठवून, कमवावी लागते.

२०२१ मध्ये अमेरिकेच्या मुलींची बेरीज नेमकी १३ झाली, कॅरन चेन चौथी आणि ब्रेडी टेनेल नववी. पण उतरल्याच दोघी होत्या. मग तिसरी जागा पक्की करायला अलिसा लिऊला जर्मनीतल्या नेबेलहॉर्न ट्रॉफीला पाठवलं, आणि तिने ती स्पर्धा जिंकून जागा आणली. म्हणजे युनाने जे केलं ते ऑलिम्पिकसाठी आज एकटीच्या बळावर करता येणार नाही. माझ्या मते नियम योग्य आहे. तीन जागा मागणाऱ्या देशाकडे तीन स्केटर असायला हवेत.

मिलान-कोर्तिनाच्या २०२६ च्या खेळांसाठी एकेरीत प्रत्येकी २९, जोडी प्रकारात १९ आणि आइस डान्समध्ये (हाही जोडीदारासोबतच, पण भर नृत्यावर) २३ जागा ठरल्या होत्या. इतक्या थोड्या जागांत सगळं जग बसवायचं असतं.

जागा देशाची की स्केटरची?

देशाची. जिने जागा मिळवली तीच जाईल असं नाही. कोण जाणार ते त्या देशाचं महासंघ ठरवतं, आणि भांडणं इथेच होतात. काही देश राष्ट्रीय स्पर्धेला जास्त वजन देतात, काही पूर्ण मोसमाची कामगिरी पाहतात. २०१४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत मिराई नागासू तिसरी आणि अ‍ॅश्ली वॅग्नर चौथी होती. सोचीला वॅग्नर गेली. महासंघाने आधीच्या निकालांकडे बोट दाखवलं. नियमाने ते बरोबर होतं, पण नागासूच्या जागी बसून पाहिलं तर कडूच. चार वर्षांनी ती २०१८ च्या ऑलिम्पिकला गेली आणि ऑलिम्पिकमध्ये ट्रिपल अ‍ॅक्सल (साडेतीन गिरक्यांची उडी) यशस्वी करणारी पहिली अमेरिकन महिला ठरली.

आमच्या ज्युनियर मुली जग जिंकताहेत. पुढची पाच वर्षं आमचीच ना?

थांबा. या खेळात भाकितं सर्वांत जास्त इथेच फसतात.

पहिली गोष्ट वयाची. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने, म्हणजे आयएसयूने, जून २०२२ मध्ये सीनियर गटाचं किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने वाढवलं: २०२३-२४ च्या मोसमात १६ आणि २०२४-२५ पासून १७. मोसमाच्या आधीच्या १ जुलैला ते वय पूर्ण झालेलं असावं लागतं. जपानची माओ शिमादा २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं ज्युनियर जगज्जेती झाली. तिचा जन्म ऑक्टोबर २००८ चा. त्यामुळे २०२६ च्या ऑलिम्पिकचं दार तिच्यासाठी बंदच होतं, कितीही गुण मिळवले तरी.

दुसरी गोष्ट शरीराची. तेरा-चौदाव्या वर्षी हलक्या, सडपातळ अंगाने हवेत तीन-चार गिरक्या घेणं आणि अठराव्या वर्षी उंची वाढल्यावर, कंबर रुंदावल्यावर तीच उडी मारणं या वेगळ्या गोष्टी आहेत. हवेतला वेळ फारसा वाढत नाही, पण फिरवायचं शरीर बदललेलं असतं. मुलांमध्ये वाढीबरोबर ताकदही येते, म्हणून त्यांची क्वाड, म्हणजे चार गिरक्यांची उडी, बहुधा उशिरा येते आणि जास्त टिकते. मुलींमध्ये अनेकदा उलटं होतं. सोचीत पंधराव्या वर्षी संघाचं सुवर्ण मिळवणारी युलिया लिपनित्स्काया एकोणिसाव्या वर्षी निवृत्त झाली. अ‍ॅनोरेक्सियाशी (खाण्याच्या विकाराशी) झुंजत असल्याचं तिने स्वतः सांगितलं. अशा मुलीला 'वाया गेली' म्हणणाऱ्यांशी मला बोलायचं नाही.

तिसरी गोष्ट मनाची, आणि तिचं कोष्टक कुठे मिळत नाही. अलिसा लिऊने २०२२ साली सोळाव्या वर्षी स्केटिंग सोडलं. दोन वर्षांनी ती परतली आणि मार्च २०२५ मध्ये बोस्टनला जगज्जेती झाली. २००६ च्या किमी माइस्नरनंतरची पहिली अमेरिकन महिला. तिच्या निवृत्तीच्या दिवशी अमेरिकेच्या पुढच्या चार वर्षांचं भाकीत लिहिणाऱ्याने तिचं नाव खोडून टाकलं असतं.

तर ज्युनियर निकालांत काय पाहायचं? एका मुलीचं सुवर्ण नको. ज्युनियर ग्रां प्रीच्या मालिकेत त्या देशाच्या किती वेगवेगळ्या मुली पहिल्या सहांत येतात, आणि दोन वर्षांनी त्यातल्या किती अजून बर्फावर आहेत, हे पाहा.

क्वाड नसलेल्याला संधी आहे का?

पुरुषांत पदकासाठी फार कमी. चांगल्या जागेसाठी मात्र आहे.

प्रत्येक उडीला मूळ किंमत असते. लुट्झ, टो लूप, अ‍ॅक्सल ही उड्यांची नावं; ट्रिपल आणि क्वाड म्हणजे किती गिरक्या ते. ट्रिपल लुट्झ ५.९०, ट्रिपल अ‍ॅक्सल ८.००, क्वाड टो लूप ९.५०, क्वाड लुट्झ ११.५०, क्वाड अ‍ॅक्सल १२.५०. त्यावर पंच उणे ५ ते अधिक ५ अशी गुणवत्ता देतात आणि तिची प्रत्येक पायरी मूळ किमतीच्या १० टक्के असते. म्हणजे महागड्या उडीवर चांगली गुणवत्ता मिळाली की फायदा दुहेरी. कार्यक्रमाच्या शेवटच्या टप्प्यातल्या उड्यांना वर १० टक्के बोनस. हे तांत्रिक गुण उड्या अवघड होतील तसे वाढत जातात. रचना, सादरीकरण आणि स्केटिंग कौशल्य यांच्या गुणांना मात्र कमाल मर्यादा आहे, पुरुषांच्या फ्री स्केटमध्ये साधारण १०० ची. अमेरिकेचा इल्या मालिनिन, सप्टेंबर २०२२ मध्ये स्पर्धेत क्वाड अ‍ॅक्सल पूर्ण करणारा पहिला माणूस, २०२५ ला तीसहून जास्त गुणांच्या फरकाने जिंकला तो याच गणितामुळे.

तरीही जेसन ब्राऊन २०२२ च्या ऑलिम्पिकमध्ये एकही क्वाड न मारता सहावा आला. आणि महिलांत काओरी साकामोतो २०२२, २०२३, २०२४ अशी सलग तीनदा जगज्जेती झाली ती क्वाड आणि ट्रिपल अ‍ॅक्सल दोन्हींशिवाय. वेग, लांबवर जाणारी उडी आणि चुका न करणं या भांडवलावर. 'दुसऱ्या क्रमांकाचा स्केटर' म्हणतो तो बऱ्याचदा ब्राऊनसारखा असतो: तो बेरीज सांभाळतो.

राष्ट्रीय स्पर्धेत इतके गुण, मग बाहेर वीस-तीस कमी कसे?

देशांतर्गत गुण आयएसयूच्या नोंदीत धरत नाहीत, आणि तिथे हात सैल असतो. गुणवत्ता जरा जास्त, अपुऱ्या गिरकीकडे जरा कानाडोळा. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तांत्रिक पॅनेल रिप्ले लावून बघतं. गिरकी पाव वळणाहून जास्त अपुरी राहिली तर उडीला मूळ किमतीच्या ८० टक्केच मिळतात. अर्धं वळण किंवा त्याहून जास्त अपुरी राहिली तर ती खालच्या दर्जाची उडी धरली जाते. शिवाय जागतिक स्पर्धेला जायला किमान तांत्रिक गुणही आंतरराष्ट्रीय स्पर्धेतच मिळवावे लागतात. भाकीत करताना राष्ट्रीय स्पर्धेतून क्रमवारी घ्या, गुण नकोत.

एकेरीत आम्ही भक्कम आहोत, पण जोडी आणि आइस डान्समध्ये कुणीच नाही. असं का?

कारण तिथे नुसतं कौशल्य पुरत नाही, जोडीदार लागतो. उंचीचा मेळ, स्वभावाचा मेळ, शिवाय मुलांची टंचाई. बहुतेक देशांत मुली ढिगाने आणि मुलं मोजकी.

पण हे उभं करता येतं, फक्त वेळ लागतो. चीनचा याओ बिन १९८० च्या जागतिक स्पर्धेत लुआन बोसोबत जोडी प्रकारात शेवटचा आला होता. पुढे तो प्रशिक्षक झाला. त्याच्या हाताखालच्या शेन शुए आणि झाओ होंगबो यांनी २००२ आणि २००६ ला ऑलिम्पिक कांस्य आणि २०१० ला सुवर्ण जिंकलं, आणि १९६४ पासून सोव्हिएत-रशियन जोड्यांकडे सलग राहिलेला (२००२ ला कॅनडाच्या जोडीसोबत वाटून) तो किताब पहिल्यांदा त्यांच्या हातून पूर्णपणे गेला. २०२२ ला सुई वेनजिंग आणि हान त्सोंग यांनी तो पुन्हा चीनला आणला. शेवटच्या क्रमांकापासून सुवर्णापर्यंत तीस वर्षं. पुढच्या ऑलिम्पिकला जोडीत पदक हवं म्हणणाऱ्या महासंघाने हा आकडा भिंतीवर लावावा. जपाननेही रिकू मिउरा आणि र्‍युइची किहारा यांच्या रूपाने २०२३ आणि २०२५ ला जागतिक सुवर्ण मिळवलं, पण आइस डान्समध्ये जपान अजून चाचपडतोय.

जोडीत वयाचं गणितही निराळं. कॅनडाकडून खेळणारी डिआना स्टेलाटो-डूडेक २०२४ ला मॅक्सिम डेशाँ या जोडीदारासोबत जगज्जेती झाली तेव्हा चाळिशीत होती. मधली सोळा वर्षं ती बर्फापासून दूरच होती.

टीम इव्हेंटमध्ये काय होतं?

२०१४ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. पुरुष, महिला, जोडी आणि आइस डान्स अशा चारही प्रकारांचे गुण एकत्र होतात, म्हणून एकच तारा असलेल्या देशाला तिथे काहीच करता येत नाही. मला विचाराल तर देशाची खरी तब्येत कळण्याची जागा हीच.

आमचे सगळे चांगले स्केटर परदेशात सराव करतात. मग श्रेय कुणाचं?

वाटून घ्या. फर्नांडेझ आणि हान्यू दोघेही टोरांटोत ब्रायन ऑर्सरकडे शिकले. आइस डान्समध्ये माँट्रियलच्या एकाच अकादमीत अनेक देशांच्या जोड्या शेजारी शेजारी सराव करतात आणि मग एकमेकींविरुद्ध उतरतात. त्यात गैर काही नाही. प्रश्न पडतो तो मागे राहिलेल्यांचा. परदेशी शिकून आलेला खेळाडू घरी प्रशिक्षक म्हणून परततो का? युमा कागियामाला घडवलं ते त्याच्या वडिलांनी, मासाकाझू कागियामांनी, जे १९९२ आणि १९९४ चे ऑलिम्पियन. जपानने १९९२ पासून नागानो प्रांतातल्या नोबेयामाला लहान मुलांची शिबिरं घेऊन होतकरू खेळाडू हेरायला सुरुवात केली. पदकं बऱ्याच नंतर आली.

रिंक वाढवले की स्केटर वाढतील का?

रिंकपेक्षा बर्फावरचे तास मोजा. त्याच बर्फावर हॉकीवालेही असतात, सामान्य लोकही. स्पर्धकाच्या वाट्याला पहाट उरते. त्यात प्रशिक्षक, नृत्यदिग्दर्शक, पोशाख, प्रवास आणि वाढत्या पायांसाठी पुन्हा पुन्हा नवे बूट. अनेक मुलं थांबतात ती उडी येत नाही म्हणून नाही, घरचे थकतात म्हणून.

रशिया परतला तर बाकीच्यांच्या आशा संपल्या का?

मार्च २०२२ पासून रशिया आणि बेलारूसच्या स्केटरांवर आयएसयूची बंदी आली. त्याआधी २०२१ च्या जागतिक स्पर्धेत महिलांची तिन्ही पदकं रशियाने नेली होती, त्यामुळे मधल्या वर्षांतल्या क्रमांकांकडे पाहताना हे ध्यानात ठेवायलाच हवं. सप्टेंबर २०२५ मध्ये बीजिंगच्या पात्रता स्पर्धेत तटस्थ म्हणून उतरलेले आदेलिया पेत्रोस्यान आणि प्योत्र गुमेन्निक आपापल्या गटात पहिले आले. बंदीच्या वर्षांत आठव्या-नवव्या क्रमांकावर असलेल्या देशांनी स्वतःला दोन-तीन क्रमांक खाली धरावं.

रशियाच्या कामिला वालियेवाचं प्रकरण वेगळं. पंधराव्या वर्षी डोपिंगमध्ये अडकलेल्या या मुलीवर क्रीडा लवादाने जानेवारी २०२४ मध्ये चार वर्षांची बंदी घातली. त्यामुळे २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्या आलेल्या रशियाऐवजी संघाचं सुवर्ण अमेरिकेला आणि रौप्य जपानला, ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला देण्यात आलं. किमान वय वाढवण्याची चर्चा आधीपासून होती, पण निर्णय झाला तो या प्रकरणानंतर.

एक पिढीच गेली तर देश पुन्हा उभा राहतो का?

अमेरिकेला हे दोनदा भोगावं लागलं. १५ फेब्रुवारी १९६१ ला ब्रसेल्सजवळ विमान कोसळून जागतिक स्पर्धेला निघालेला संपूर्ण संघ, प्रशिक्षकांसह, गेला. त्या वर्षीची स्पर्धाच रद्द झाली. १९६८ ला पेगी फ्लेमिंगने ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं. २९ जानेवारी २०२५ च्या वॉशिंग्टनच्या विमान दुर्घटनेत विचिटाच्या शिबिरातून परतणारी मुलं, पालक आणि प्रशिक्षक धरून स्केटिंगमधली २८ माणसं गेली. त्यानंतर दोन महिन्यांत बोस्टनला अमेरिकेने तीन जागतिक सुवर्णं मिळवली, पण ते यश आधीच्या पिढीचं. त्या शिबिरातली मुलं लहान होती. तिथली पोकळी आज कुठल्याच निकालात दिसणार नाही.

पडल्यावरही पहिला क्रमांक कसा मिळतो?

पडल्याचा थेट दंड साधारण एक गुण. त्या उडीची गुणवत्ता उणे पाचपर्यंत जाते, म्हणजे मूळ किमतीचा निम्मा भाग जातो. उरलेला निम्मा स्केटरकडेच राहतो. गिरक्या पूर्ण असतील तर क्वाड लुट्झवर पडून हाती सुमारे पावणेपाच गुण लागतात, नीट उतरलेल्या साध्या ट्रिपल टो लूपपेक्षा थोडे जास्तच.